सोराइदाची बिनटाक्याची सायकल

उबाल्दोनं वेल्डिंग सोडलं तेव्हा त्यानं गावाला सांगितलं, डोळे गेले. कुणी शंका घेतली नाही. तीस वर्षं ठिणग्यांसमोर बसलेल्या माणसाचे डोळे जाणारच, असं हिबारा ह्या बंदराच्या गावातल्या लोकांना वाटलं. दोन-तीन बायकांनी तर डोळ्यांत घालायला कसल्याशा पाल्याचा रस आणून दिला. तो त्यानं मुकाट्यानं घातला. डोळे चुरचुरले, पाणी आलं, आणि ते त्याला एका परीनं बरंच वाटलं.

डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. बंदराच्या कठड्यावर बसल्या बसल्या लांबच्या होडीत कोण आहे ते त्याला अजून ओळखू यायचं. फक्त तो ते बोलून दाखवत नसे.

पुढे तो सायकली दुरुस्त करू लागला. पुढच्या खोलीचं दार उघडं टाकायचं, उंबऱ्याशी स्टुलावर बसायचं, पंक्चर काढायची, ब्रेक आवळायचे, कुणाची किल्ली कुलपात अडकली तर सोडवून द्यायची. वेल्डिंगचं यंत्र त्यानंच तांब्याच्या तारा गुंडाळून बनवलेलं होतं. ते मागच्या खोलीत गोणपाटाखाली पडून राहिलं. त्याची बायको निदिया त्याच्यावर धुतलेले कपडे ठेवायची.

नऊ वर्षं अशी गेली. मग मार्चमधल्या एका सकाळी सोराइदा आली.

तिचं येणं आधी ऐकू यायचं. काठी, चांगला पाय, मग आखूड पाय जरा ओढत. उबाल्दोला ते गल्लीच्या टोकापासून समजायचं आणि दर वेळी काहीतरी शोधायला आत जावंसं वाटायचं. त्या दिवशीही तो उठला, पण तोवर ती दारात पोचली होती.

"पळतोस कुठे? गिऱ्हाईक आलंय."

सोराइदा एके काळी गावात पत्रं वाटायची. उंच, दणकट बाई. तिची सायकल दिसली की रस्त्यातल्या कोंबड्या आपणहून बाजूला व्हायच्या. आता पन्नाशीला आली होती, घरी शेंगदाण्याच्या वड्या करून विकत होती. गावात वड्या करणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या होत्या. शेजारच्या बेलास्को गावाला नेल्या तर हातोहात जातील, पण तिथवर जायला गाडीची वाट बघत उभं राहायचं म्हणजे तो पाय दुपारपर्यंत सुजायचा.

"मला रिकिंबिली करून दे," ती म्हणाली.

इंजिन बसवलेल्या सायकलीला आमच्याकडे रिकिंबिली म्हणतात. जिथे जे मिळेल ते जोडून केलेली, धूर सोडणारी, कायद्याला फारशी मान्य नसलेली वस्तू.

"पोलीस अडवतील," उबाल्दो म्हणाला.

"अडवू देत. नऊ वर्षांत मला कुणी अडवलेलं नाही, कारण मी कुठे जातच नाही." तिनं पिशवीतून एक फोटो काढला. "आणि अशी पाहिजे. तो बाटलीतून पेट्रोल पिणारा खटारा नको."

फोटोत तिचा कासिल्दोकाका होता. फार पूर्वी पोस्टाच्या तारा वाटायचा. टोपी घालून, पाय टेकवून एका जुन्या मोटरसायकलीवर बसलेला. खरं तर ती सायकलच. दोन दांड्यांच्या मधोमध इंजिन, वरच्या दांडीला पट्ट्यांनी बांधलेली लांबट टाकी, मागे वळलेलं बैलाच्या शिंगांसारखं हँडल, पुढे ताटाएवढा दिवा.

"माझीच सायकल घे. अंगणात टांगून ठेवलीय. पैसे थोडे आहेत, पण आहेत."

"पैशांचं राहू दे."

"का? दान करायला लागलास?"

उबाल्दोनं फोटो हातात घेतला. तो फोटोकडे बघत म्हणाला, "करतो. पण एकही टाका मारणार नाही. सगळं नट-बोल्टवर. वेल्डिंग नाही."

"डोळ्यांमुळे?"

"हं."

"तुझं तू बघ. मला ती चालली म्हणजे झालं." जाता जाता ती थांबली. "मी सगळ्यांना सांगते हं, वादळानंतर गावातले सगळे मिस्त्री पैसेवाल्यांच्या मागे होते, तेव्हा उबाल्दोनं माझा चिमटा फुकटात जोडून दिला होता."

ती गेल्यावर उबाल्दोनं पुढ्यातलं पंक्चर तसंच सोडलं.

चिमटा म्हणजे सायकलीचं पुढचं चाक धरणारा काटा. नऊ वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये चक्रीवादळ आलं, समुद्र किनाऱ्यालगतच्या गल्ल्यांमधून घरांत शिरला. उबाल्दोचं छप्पर उडालं आणि वेल्डिंगच्या रॉडचा पुडा खारट पाण्यात भिजला. कोरडे राहिले ते पत्र्याच्या डब्यातले जेमतेम नऊ-दहा रॉड. आणि गावात तर सगळंच मोडलेलं. जो तो त्याच्या दारात.

त्याच वेळी डुकरं पाळणारा आन्सेल्मो आला. त्याला फाटक हवं होतं आणि त्याच्याकडे छपराचे पत्रे होते. कोरडे रॉड उबाल्दोनं त्या फाटकासाठी बाजूला ठेवले. सोराइदा चिमट्याच्या मानेला चीर गेली म्हणून आली, तेव्हा त्यानं भिजलेला रॉड चुलीवर शेकवून घेतला आणि लावला. रॉड फुरफुरला, थुंकला. टाका थंड झाल्यावर त्याला दिसलं की आत जाळी पडलीय. सुईच्या टोकाएवढी भोकं, ओळीनं. ते तोडून पुन्हा करायला हवं होतं. त्यानं वरून घासून गुळगुळीत केलं, काळा रंग मारला आणि म्हणाला, "घे, झालं."

सहा आठवड्यांनी किल्ल्याच्या उतारावर चिमटा मोडला. सोराइदाची मांडी दोन ठिकाणी तुटली. ओल्गिन शहरातल्या दवाखान्यात तिला पाच महिने ठेवलं, आणि परत आली ती दोन बोटं आखूड पायानं. गाव म्हणालं, खड्डा. वादळानंतर तिथे खड्डा होताच.

"तू हे काम घ्यायला नको होतंस," निदिया दुपारी म्हणाली. ती युकाचे कंद सोलत होती आणि वर बघत नव्हती.

"तिनं मागितलं."

"मागितलं म्हणून? उबाल्दो, मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, तोंड उघडू नकोस. तू सांगितलंस तर तिचा पाय वाढणार आहे का?"

"नाही."

"मग?" सुरी थांबली. "आणि ते पत्रे तू एकट्यासाठी आणले होतेस का? त्यांच्याखाली मीपण झोपते. मलाही सगळं कळत होतं."

तिनं युका उकळायला टाकला.

इंजिन फेर्मिनकडे होतं. फेर्मिन म्हणजे बेलास्कोच्या रस्त्यावरचा शेतकरी, घेवडा पिकवणारा. त्याच्या खोपटात जुन्या फवारणी यंत्राचं छोटं इंजिन पडलेलं होतं. पैशांत तो काही केल्या द्यायला तयार नव्हता.

"पैसे घेऊन मी काय करू? पैशांनी नांगर जुळतो का? माझ्याकडे नांगर मोडलाय, बैलगाडी मोडलीय, सासूची खुर्ची मोडलीय. तुझं ते वेल्डिंगचं यंत्र दे. नाहीतरी तुला दिसत नाही."

उबाल्दोनं एकदाही घासाघीस केली नाही. दुसऱ्याच दिवशी गोणपाटासकट यंत्र हातगाडीवर घालून घेऊन गेला. फेर्मिनला इतकं आश्चर्य वाटलं की त्यानं वर घेवड्याची एक पिशवी दिली.

"कोरडे रॉड वापर," उबाल्दो म्हणाला.

"काय?"

"भिजलेला रॉड लावू नकोस. खुर्चीलासुद्धा नाही."

"बरं बाबा. सासूचंच बूड आहे, पण बरं."

मग काम सुरू झालं. सोराइदाच्या अंगणातून सायकल खाली काढली तेव्हा तिच्या मडगार्डमध्ये पाखरांनी घरटं केलेलं होतं. चिनी सायकल, जाड नळ्यांची, अजून सरळ. मोडलेला चिमटा गोणीत गुंडाळून भिंतीशी ठेवलेला होता.

"तो टाकून दे कुठेतरी," सोराइदा म्हणाली. "मला बघवत नाही."

उबाल्दोनं तो घरी आणला आणि टाकला नाही. गोणी सोडली. मोडलेल्या तोंडावर गंज चढला होता, पण भोकं दिसत होती. कुणाही मिस्त्रीला एका नजरेत वाचता आलं असतं. नऊ वर्षं तो पुरावा तिच्या भिंतीला टेकून उभा होता आणि कुणी वाचला नव्हता. त्यानं गोणी पुन्हा बांधून खाटेखाली सरकवली. त्या दिवसापासून आडवं पडलं की पाठीखाली काहीतरी टोचतंय असं त्याला वाटायचं, मधे अख्खी गादी असूनसुद्धा.

इंजिन बसवायला त्यानं कठीण लाकडाचे दोन ठोकळे कोरले. सायकलीच्या नळीवर ते असे बसले पाहिजेत की मधे कागद जाऊ नये. एक ठोकळा त्यानं चार वेळा केला. ठोकळा आणि नळी यांच्यात ट्रकच्या ट्यूबचं रबर, वरून यू-बोल्ट, प्रत्येक बोल्टाला दोन नट. लहान पोरांच्या सायकलीची एक रिम मागच्या चाकाच्या स्पोकना आतून जखडली, म्हणजे तिच्यावरून पट्टा फिरेल. पट्टा कपडे धुण्याच्या जुन्या रशियन यंत्राचा. तो ताणायला आणि सैल सोडायला एक छोटा दांडा, टोकाला चाक. दांडा मागे ओढला की नुसती सायकल, पुढे ढकलला की इंजिन चाकाला लागलं.

टाकीपाशी मात्र तो अडला. टाकी म्हटली की टाका आला. शेवटी एका म्हाताऱ्याच्या परड्यात त्याला पितळेचा हातफवारणीचा नळा सापडला, मांडीएवढा लांब, एका टोकाला आट्यांचं झाकण आणि दुसऱ्या टोकाला तोटी. घासून काढला तर सोन्यासारखा चमकला. जुन्या चपलांच्या चामड्याच्या पट्ट्यांनी त्यानं तो वरच्या दांडीला बांधला. आता ती फोटोतल्या सायकलीसारखी दिसायला लागली.

कोपऱ्यावर डॉमिनो खेळणाऱ्यांना तर खेळ सोडून करमणूक मिळाली.

"उस्ताद, वेल्डर असून बोल्ट? मासा असून छत्री घेतल्यासारखं!"

"अरे, दुसऱ्या कुणाकडून एक टाका मारून घे आणि सुट. दोन महिने झाले, सोराइदा तोवर चालत बेलास्कोला पोचून परत आली असती!"

"त्याचं तिच्यावर मन बसलंय रे. निदियाला सांगायला पाहिजे."

उबाल्दो हसल्यासारखं करायचा. नवा चिमटा त्यानं विकत घेतला नाही. स्वतःच्या सायकलीचा काढून लावला, अखंड, कधीही न तुटलेला. लावण्याआधी घासून उघडा केला, उन्हात धरून बोट बोट करत बघितला, रॉकेल लावून पुन्हा बघितला. त्याची स्वतःची सायकल मग पुढून विटांवर टेकून राहिली.

जूनमध्ये सोराइदा रोज येऊन बसायला लागली. वड्या आणायची, कॉफी प्यायची, पान्यांची नावं विचारायची. एका दुपारी तो मागचे स्पोक आवळत होता आणि ती दारात पाय लांब करून बसली होती.

"तुला एक सांगू? कुणाला सांगितलं नाही. बहीण सोडून."

"सांग."

"त्या दिवशी खड्डा नव्हता. म्हणजे होता, पण मी तो चुकवला होता. माझ्या हातात पत्र होतं, उबाल्दो. मायामीहून आलेलं. उताराखालच्या गल्लीतल्या एका म्हातारीच्या मुलाचं, तीन वर्षांनी आलेलं. मला इतका आनंद झाला की एका हातानं हँडल धरलं आणि दुसऱ्या हातानं नाव पुन्हा पुन्हा वाचत उतारावरून चालले होते. म्हणून पडले. स्वतःच्या मूर्खपणानं." ती हसली, पण ते हसू लवकर संपलं. "बहीण अजून म्हणते, तू तुझा पाय स्वतः तोडलास. खरंच आहे. मी नऊ वर्षं रोज एकदा तरी ते मनात म्हणतेच. दोन्ही हात हँडलवर असते तर?"

उबाल्दोच्या हातातला पाना स्पोकवरून सटकला आणि बोटाचं साल निघालं.

आपण गप्प बसलो म्हणजे एक गोष्ट लपली, एवढंच त्याला वाटत आलं होतं. ती गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाऊन बसली असेल, हे नऊ वर्षांत त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तो रक्त आलेलं बोट तोंडात धरून उभा राहिला.

"काय रे? लागलं?"

"दोन हात असते तरी पडली असतीस," तो म्हणाला.

"काहीतरीच."

"थांब."

तो आत गेला. स्वयंपाकघराच्या दारात निदिया उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तो खाटेखाली वाकला तेव्हा ती म्हणाली, "उबाल्दो." पण पुढे काही बोलली नाही आणि आडवीही आली नाही.

त्यानं चिमटा सोराइदाच्या मांडीवर ठेवला आणि गोणी सोडली.

"इथे बोट लाव."

तिनं लावलं. "खडबडीत आहे."

"भोकं आहेत. रॉड भिजलेला होता. वादळात भिजला होता."

"मग तुला कसं कळणार?"

"मला कळलं होतं. टाका मारला तेव्हाच दिसलं होतं. कोरडे रॉड होते माझ्याकडे, ते मी आन्सेल्मोच्या फाटकाला ठेवले. तो मला पत्रे देणार होता."

सोराइदानं वर बघितलं. छपराकडे बघितलं. मग पुन्हा चिमट्याकडे.

"आणि तू वरून रंग लावलास."

"हो."

"काळा."

"हो."

"मी म्हटलं होतं, नव्यासारखा दिसतोय." तिचा आवाज चढला नाही. "दवाखान्यात तू संत्री घेऊन आला होतास."

"हो."

"तेव्हा नाही सांगितलंस."

"नाही."

"डोळे?"

"डोळे चांगले आहेत."

बाहेर कुणीतरी बर्फाच्या गोळ्याची गाडी ढकलत गेला. सोराइदानं चिमटा जमिनीवर ठेवला, काठी घेतली, उठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला आणि उबाल्दोनं पुढे केलेला हात तिनं घेतला नाही.

"ती कधी तयार होणार?"

"रविवारी."

"रविवारी किल्ल्याच्या उतारावर आण. आधी तू बसायचंस. वरून खालपर्यंत."

रविवारी सकाळी तो सायकल ढकलत वर गेला. निदिया बरोबर आली, न बोलता मागून ढकलत. उताराच्या खाली, वळणाशी, सोराइदा काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. डॉमिनोवाले आले होते. त्यांना वाटलं, तमाशा बघायचाय.

साठीचा माणूस सीटवर चढून बसला. त्यानं चार पायडल मारली, दांडा पुढे ढकलला, इंजिन खोकलं आणि लागलं. उतारावर वारा तोंडावर यायला लागला तेव्हा त्याच्या मनात एक विचार आला, आणि तो त्यानं पुढे फक्त निदियाला सांगितला: हा चिमटा आत्ता मोडला तर बरं होईल. फिटेल. त्यानं ब्रेकवरची बोटंही काढली. पण चिमटा कशाला मोडतोय? तो अखंड होता, त्यानंच चार दिवस तपासला होता. सायकल सरळ खाली आली, एकाही बोल्टाचा आवाज न करता, आणि तो वळणाशी थांबला. डॉमिनोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

सोराइदानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं पितळेच्या टाकीवरून एकदा हात फिरवला, हँडल त्याच्या हातातून घेतलं, आखूड पाय वरून टाकला आणि निघून गेली. त्या जुन्या घडणीच्या सायकलीवर ती ताठ बसली होती, अगदी फोटोतल्या काकासारखी. निदियाला रडू आलं. उबाल्दोला रडूसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावाच्या रांगेत सोराइदानं सगळं सांगितलं. तिखटमीठ न लावता, जसं झालं तसं. दुपारपर्यंत गावाला कळलं.

आन्सेल्मोनं सगळ्यांच्या देखत तोंड फिरवलं. म्हणजे खरं तर त्याला कशाचाच राग यायचं कारण नव्हतं, त्याचं फाटक अजून ठणठणीत होतं. डोळ्यांत घालायला रस देणाऱ्या एका बाईनं मात्र येऊन म्हटलं, "माझ्या रसाची बाटली परत दे." त्यानं शोधून, धुवून दिली.

मग लोक यायला लागले. पहिली आली ती बेकरीत काम करणारी जाडजूड ओफेलिया.

"उस्ताद, त्या वादळाच्या साली तू आमचा लोखंडी पलंग जोडलास. माझा नवरा आणि मी दोघं झोपतो त्यावर. आम्हाला काही सांगायचं राहिलंय का?"

तिच्यामागे दारात उभे असलेले लोक हसले. उबाल्दो हसला नाही. तो खरंच आठवत होता. आपण एकदाच केलं, असं त्यानं मनाशी इतक्या वेळा म्हटलं होतं की ते त्याला खरंच वाटायला लागलं होतं. पण पुड्यात भिजलेले रॉड तीसेक तरी होते. चिमट्याला लागला एक. बाकीचे गेले कुठे? त्यानं ते फेकले नव्हते. वादळानंतरच्या दोन महिन्यांत काहीही फेकण्याची कुणाची ऐपत नव्हती.

"उद्या येतो," तो म्हणाला. "पलंग रिकामा करून ठेव."

तो दारोदार जायला लागला. छोटी हातोडी, रॉकेलची बाटली, खडू. टाक्यावर ठोकायचं, कान लावून ऐकायचं, रॉकेल पुसून खडू फासायचा आणि चीर ओली दिसते का बघायचं. निदिया नट-बोल्टची पिशवी घेऊन बरोबर असायची. टोमणे ती झेलायची. "काय, आता सगळं गाव उखडणार का?" "उखडणार, आणि तुझ्यापासून सुरुवात करणार, गप बस," असं ती म्हणायची, आणि पुढच्या दारी जायची.

ओफेलियाचा पलंग चांगला निघाला. झुलत्या खुर्च्या चांगल्या निघाल्या. पण चार जागा वाईट निघाल्या. एक कपडे वाळत घालायच्या दोरीचा आकडा. एक कोंबड्यांच्या खुराड्याचं दार. एका होडीचं कडं. चौथी निघाली ती तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीच्या जिन्याचा कठडा. हातोडीचा दुसरा ठोका बसला आणि कठड्याचा पाय पायरीपासून सुटून हातात आला. म्हातारी दारात उभी राहून बघत होती.

"मी रोज ह्यालाच धरून खाली उतरते," ती म्हणाली.

उबाल्दो पायरीवर बसला. खाली डोकावलं तर तळाचा चौक दिसत होता, तिथे कुणीतरी कपडे धूत होतं. निदियानं त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली.

"आजी, आज तुम्ही खाली उतरू नका," निदिया म्हणाली. "काय आणायचं ते मी आणते. संध्याकाळपर्यंत आम्ही इथेच आहोत."

त्यानं तो कठडा पट्ट्या आणि बोल्ट लावून असा पक्का केला की म्हातारी पुढे म्हणायची, आता घर पडेल पण हा पडणार नाही. त्याला ते कौतुक ऐकवत नसे.

ह्या सगळ्यात पावसाळा निम्मा गेला. सोराइदाची सायकल रोज सकाळी त्याच्या गल्लीच्या टोकावरून जायची, मागे वड्यांची पेटी बांधलेली. ती गल्लीत वळत नसे. रस्त्यात समोर आली तर बघायची, ओळख द्यायची नाही. बहिणीला तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण ती बहीण ओल्गिनहून एकदा आली, उबाल्दोच्या दारात उभी राहिली, त्याला जे बोलायचं ते पुरेपूर बोलली आणि गेली. तो सगळं ऐकत उभा राहिला. निदियानं तिला पाणी विचारलं. तिनं घेतलं नाही.

फेर्मिन मात्र आला आणि पोट धरून हसला. "तेव्हाच म्हटलं, हा खुर्चीच्या रॉडची एवढी काळजी का करतोय! सासूला सांगितलं मी. आता ती बसायच्या आधी खुर्चीला हातोडी मारते."

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी त्या इंजिनाचा आवाज गल्लीत वळला. उबाल्दो स्टुलावरून उठला, पण आत गेला नाही. सोराइदा दाराशी थांबली आणि उतरली. काठी आता सायकलीच्या दांडीला बांधलेली असायची.

"पट्टा घसरतोय चढावर."

"ताणून देतो."

त्यानं पाना घेतला, खाली बसला. ती बाजूला उभी राहून त्याच्या हातांकडे बघत होती, मांजर बघतं तशी, डोळा न हलवता. त्यानं पट्टा ताणला, दोन्ही नट आवळले, चाक फिरवून दाखवलं. मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता विचारलं, "पुढचा चिमटा बघू का?"

"मी सकाळीच बघितलाय. रोज बघते. रॉकेल लावून."

"बरं."

तो उठायला लागला. सोराइदानं सायकल त्याच्याकडे वळवली, पुढचं चाक त्याच्या गुडघ्याला लागेपर्यंत.

"तूपण बघ," ती म्हणाली. "नीट बघ. मला बेलास्कोला उशीर झाला तरी चालेल."

त्यानं मान हलवली आणि पुन्हा खाली बसला.